दोन मजल्यांची अक्का

"तू कुणाची गं?"

लिफ्टचं दार पुरतं मिटलंही नव्हतं, तोवर हा प्रश्न अंगावर आला. माझ्या एका हातात पोळपाट, दुसऱ्या हातात मिक्सरचं खोकं, खांद्याला लॅपटॉपची बॅग. सर्जापूर रोडवरच्या या इमारतीत आम्ही राहायला आलो तो पहिला दिवस. लिफ्टच्या कोपऱ्यात साठी उलटलेली एक बाई उभी होती. काठाची सुती साडी, अंबाड्यावर अबोलीचा गजरा, पायाशी पत्र्याची ट्रंक आणि ट्रंकेवर गुंडाळलेली गादी. माझ्या मंगळसूत्राच्या दोन वाट्या बघून तिनं मला मराठी ठरवून टाकलं होतं.

"चौथ्या मजल्यावर राहायला आलेय," मी म्हटलं.

"मजला कोण इचारतंय? कुणाची ते सांग."

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो असं नवरा म्हणतो, आणि त्यात खोटं काही नाही. बेळ्ळंदूरच्या ऑफिसात वीस माणसांना कामाला लावणारी बाई मी, आणि ही मला विचारतेय, कुणाची?

"कुणाची म्हणजे? माझीच!"

ती तोंडाला पदर लावून हसली. "अय्यो! आपलंच आपण कोण असतंय गं?"

तुमच्याही इमारतीत, तुमच्याही गल्लीत अशी एखादी असेलच. सगळ्यांची नाती जिच्या जिभेवर, आणि जिचं स्वतःचं नाव कुणाला ठाऊक नाही. आमच्याकडे तिला सगळे अक्का म्हणत. वॉचमन म्हणे, इस्त्रीवाला म्हणे, तमिळ शेजारीण म्हणे, आणि पाच वर्षांची पोरंसुद्धा तिला अक्काच म्हणत. पहिली चार वर्षं मीही कधी विचारलं नाही, अक्का, तुमचं नाव काय. आज स्वतःचा राग येतो तो तिथपासून येतो.

त्या पहिल्या आठवड्यात तिनं माझी पूर्ण झडती घेतली. गाव कुठलं, सातारा जिल्ह्यात नेमकं कुठं, कुलदैवत कोण, देवक कुठलं, वडलांची आई कुठली, आईचं माहेर कुठलं. आईच्या माहेरचं आडनाव सांगितलं तशी तिनं टाळीच वाजवली. तेच तिचं आडनाव. "म्हंजे तुझी आई माझी भण. मी तुझी मावशी, तू माझी भाची. अक्का काय म्हणतीस? मावशी म्हण."

अक्काच्या घराण्याचे मूळपुरुष साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर महाराष्ट्रातून इकडे कन्नड मुलखात आले, फौज माघारी गेली, हे राहिले. इतक्या वर्षांत दोन्हीकडे कोण जन्मलं, कोण मेलं, कुणाचा कुणाला पत्ता नाही, आणि ही म्हणतेय भाची. मी हसून सोडून दिलं. अक्काच म्हणत राहिले. कुणी गळ्यात नातं बांधलं की मला गुदमरायला होतं. मावशी, काकू, वहिनी ही सगळी नाती मी पुण्यात मागे टाकून आले होते आणि त्याचा मला अभिमान होता.

ही ट्रंक आणि गादी काय भानगड, ते मला महिनाभरानं कळलं. ही इमारत यांच्याच शेतावर उभी. वडील गेलेले, दोन भाऊ. बिल्डरनं जमिनीच्या बदल्यात घरं दिली, त्यातलं दुसऱ्या मजल्यावरचं मोठ्या भावाचं, म्हणजे सगळे ज्यांना अण्णा म्हणत त्यांचं. सातव्या मजल्यावरचं धाकट्याचं. आणि अक्का? अक्का एक महिना खाली, एक महिना वर. अमावस्या सरली की दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रंक लिफ्टमध्ये. भावाभावांत तसं ठरलेलं. ठरवताना तिला कुणी विचारलं होतं का, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "इचारायचं काय त्यात? मीच तर वाढवलंय दोघांना."

या चढण्या-उतरण्यात ती चौथ्या मजल्याचं बटण दाबायची. ट्रंक लिफ्टबाहेर ओढायची, माझ्या दाराशी टेकवायची आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर येऊन बसायची.

"चा टाक. खालच्या घरातनं निघाले, वरच्या घरात अजून पोचले न्हाई. आता स्वल्प येळ मी कुणाचीच न्हाई."

हे ती अशा खुशीत म्हणायची, की जणू शाळेला सुट्टी लागलीये. पाय हलवत चहा प्यायची, बशीत ओतून, फुंकर मारत. अर्धा तास. मग फोन वाजायचा, वरची किंवा खालची भावजय विचारायची, अक्का, निघालात का? "सरी, आले आले," म्हणत ती उठायची. सरी म्हणजे कन्नडमध्ये बरं. त्या दिवशी सकाळची पहिली मीटिंग मी लावायचीच नाही. ऑफिसात सांगायचे, घरी पाहुणे यायचेत.

नात्यांचा तिचा कायदा तिच्याजवळ पक्का होता. सहाव्या मजल्यावर एक पोरगा-पोरगी राहायला आले, दोघं आयटीतले, लग्न न केलेले. सोसायटीत खळबळ. मीटिंग बसली. संस्कार, कुटुंबाचं वातावरण, आपली मुलं काय शिकतील, सगळं दळण दळून झालं. एक गृहस्थ म्हणाले, लग्नाचा दाखला मागवा, नाहीतर घर खाली करायला सांगा. अक्का मागं भिंतीला टेकून बसली होती. तिनं तिथूनच वॉचमनला विचारलं, "सैपाक करतात का रं ती दोघं?"

"करतात, अक्का."

"एकाच चुलीवर?"

"हो."

"भांडतात?"

"रोज. आवाज गेटापर्यंत येतो."

"मग आणि कसला दाखला पायजे?"

हसण्यात मीटिंग मोडली. पोरगा-पोरगी राहिले, अजून आहेत आणि अजून भांडतात. मी नंतर तिला म्हटलं, अक्का, तुम्ही तर आमच्याही पुढच्या निघालात. ती म्हणाली, "पुढची कसली? एक चूल म्हंजे एक घर. दाखला मागनं आला, चूल आधी आली."

"मग तुमचं घर कुठलं?" मी आपलं सहज विचारलं.

"माझ्या दोन चुली. म्हंजे दोन घरं की गं! तुझ्यापेक्षा एक जास्तच."

आम्ही दोघी हसलो होतो. आता आठवलं की मला हसू येत नाही.

एकदा बेसमेंटमध्ये माझ्या गाडीशी ती थांबली. चपलेनं फरशीवर टकटक केलं. "हिथं इहीर होती. तुझी गाडी आमच्या इहिरीवर हुबी असतीय." मग हात लांब करून तिनं मला अख्खं शेत दाखवलं. त्या खांबापासून जनरेटरपर्यंत नाचणी, पलीकडं अबोली. आई गेली तेव्हा अण्णा अकरा वर्षांचे आणि धाकटा आठ. नाचणी हिनं खुरपली, अबोली हिनं विकली, पोरांना शाळेत हिनं घातलं. स्वतः चौथीतनं उठली.

"आणि लग्न?" मी विचारलं.

"मी मामाच्या पोराची होते ना."

यांच्यात पोरीवर पहिला हक्क मामाच्या घरचा. पाळण्यात असल्यापासून ही मामेभावाची ठरलेली. कुणी स्थळ घेऊन आलं की वडील म्हणायचे, ती दिलेली आहे. ते मामाचं पोरगं शिकलं, बोम्मसंद्रातल्या कारखान्यात लागलं, आणि तिथल्याच एका मुलीशी लग्न करून मोकळं झालं. मामा येऊन म्हणाला, पोरगं ऐकत नाही, आता तुम्ही तुमचं बघा. तोवर ही चोविशीची. नंतर दोन स्थळं आली, पण मामाकडच्यांनी सोडलेली म्हटल्यावर तीही पुन्हा फिरकली नाहीत.

माझं डोकंच फिरलं. हक्क सांगायला मामा, हक्क सोडायला मामा, आणि मधल्या मध्ये पोरीचं आयुष्य म्हणजे काय बसमध्ये रुमाल टाकून धरलेली जागा? मी तिथं पार्किंगमध्ये उभी राहून त्या न बघितलेल्या मामाला इतक्या शिव्या घातल्या, की अक्का घाबरून इकडे-तिकडे बघायला लागली. "सरी, सरी, बिडु," ती म्हणाली. बिडु म्हणजे कन्नडमध्ये सोड, जाऊ दे. हा तिचा दुसरा शब्द. पहिला कुणाची, दुसरा बिडु. या दोन शब्दांच्या मध्ये तिनं सगळं आयुष्य बसवलं होतं.

आता माझ्याबद्दल सांगायचं. ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगायला मला तोंड नाही.

एका रविवारी अण्णा आमच्याकडे आले. हातात म्हैसूरपाकाचा डबा, तोंडावर हसू. अण्णा फार गोड माणूस, हे आधी सांगते. लिफ्ट धरून ठेवणारे, सणाला सगळ्या घरांत आंब्याची पानं पाठवणारे. म्हणाले, "मॅडम, शेजारी म्हणून एक सही पाहिजे होती. मागचा जमिनीचा एक तुकडा आमच्या नावावर करायचाय. वंशवृक्षाचा दाखला लागतो सरकारात. आम्ही कोण, कुणाचे, तेवढं शेजाऱ्यांनी सांगायचं. तुम्ही ओळखता ना आम्हाला?"

ओळखत होतेच की. कागद कन्नडमध्ये होता. आठ वर्षं मी या शहरात राहिले, त्यातली चार या इमारतीत, खाल्लं-प्यायले, पगार घेतला, आणि मला कन्नडचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. स्वल्प, सरी, एष्टु म्हणजे किती, एवढ्यावर रिक्षा आणि भाजी भागत होती. ऑफिसात चार ओळींचा करार तीनदा वाचून घेणारी मी. गॅसवर दूध चढलं होतं. अण्णांनी बोटानं जागा दाखवली आणि मी सही ठोकली. वर हसून म्हैसूरपाकाचा तुकडा तोंडात टाकला.

पुढच्या अमावस्येनंतर अक्का आली. ट्रंक दाराशी. चहा टाकला. आज ती पाय हलवत नव्हती.

"तुझी सही बघितली," ती म्हणाली. "अक्षर मोठं हाय तुझं. छान हाय."

"कुठं बघितली?"

"अण्णाच्या टेबलावर. मला कन्नड येतंय वाचायला, चौथीपर्यंतचं." तिनं बशी खाली ठेवली. "तुझ्या सहीच्या वर काय लिवलंय, सांगू? अप्पाचं नाव हाय. त्याच्या खाली दोन रेघा. एक अण्णा, एक धाकटा. आणि लिवलंय, मयताला या दोघांबिगर दुसरं मूल न्हाई."

अंगावर पाल पडावी तसं झालं मला. दुसरं मूल नाही. आणि खाली माझी सही, मोठ्या अक्षरात. समोर स्टुलावर ते न झालेलं मूल बसलेलं, साठी उलटलेलं, माझ्याच कपातून चहा पिणारं.

"अक्का, मला वाचता येत नाही," मी म्हटलं. ऐकायला किती लाजिरवाणं वाटलं ते.

"ठाव हाय. म्हणून तर तुझ्याकडं आला तो."

मी रडले, मग चिडले, मग म्हटलं, आत्ताच्या आत्ता चला, मी लिहून देते की माझी सही फसवून घेतली. आजच्या कायद्यात मुलगी मुलाइतकीच वारस आहे, अर्धी इमारत हलवून सोडू. मला वाटलं, आता म्हणेल, बिडु. पण त्या दिवशी ती तसं म्हणाली नाही.

"हिस्सा नको मला," ती म्हणाली. "काय करू हिस्सा घिऊन, ट्रंकेत घालू? मला रेघ पायजे. अप्पाच्या खाली एक रेघ. बस."

तेवढंच मागितलं बाईनं. जन्मभर राबून एक रेघ.

मी त्याच संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावर गेले. अण्णांनी बसा म्हटलं, मी उभीच राहिले. विचारलं, अक्काचं नाव का नाही त्यात? ते जराही गडबडले नाहीत. मला याचाच सगळ्यात जास्त संताप आला. चोर पकडला गेल्यावर निदान घाम तरी फुटावा.

"मॅडम, अक्का म्हणजे आमची आई आहे," अण्णा म्हणाले. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं त्यांच्या. "तिनं आम्हाला वाढवलं. आईचं नाव कुणी मुलांच्या रांगेत लावतं का? तिला काही कमी आहे का आमच्याकडे? तुम्ही नवे लोक, सगळं कागदावर बघता."

आई म्हणून डोक्यावर बसवायचं, म्हणजे कागदावर बसवावं लागत नाही. केसानं गळा कापतात तो असा. मी म्हटलं, "अण्णा, आई आहे ना? मग आईची ट्रंक दर महिन्याला लिफ्टमध्ये का असते?" त्यांची बायको आतून बाहेर आली आणि दार उघडून उभी राहिली. मी निघाले.

दुसऱ्या दिवसापासून अक्कानं मला शिकवायला घेतलं. "आधी वाचायला शीक, मग सह्या कर." भाकरी थापून झाल्यावर परातीत पीठ उरायचं, त्यात ती बोटानं अक्षरं काढायची. कन्नडमध्ये बाकी काही न शिकवता तिनं आधी आपल्या अप्पाचं नाव शिकवलं. पाच अक्षरं. मग एक शब्द, मगळु. म्हणजे मुलगी. "एवढं आलं तरी फुरे तुला," ती म्हणाली. मी ते पिठात इतक्यांदा काढलं, की आमच्या घरी आठवडाभर भाकऱ्याच भाकऱ्या.

मग आम्ही दोघी तालुक्याच्या कचेरीत गेलो. रिक्षात ती ताठ बसली होती, जरीच्या काठाची साडी, ताजा गजरा. खिडकीपलीकडे एक तरुण कारकून बाई होती, वाईट नव्हती. तिनं अक्काचं नाव विचारलं आणि अक्कानं ते सांगितलं. तेव्हा मी ते पहिल्यांदा ऐकलं. फार सुंदर नाव आहे. मी ते इथे लिहीत नाही, कारण रिक्षात तिनं माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं, "कुठं सांगू नको हां, भावांची अब्रू जाईल." भावांच्या अब्रूसाठी ही शेवटपर्यंत बिननावाची. माझा जळफळाट होतो, पण शब्द दिलाय.

"तुम्ही यांची मुलगी, याला पुरावा?" कारकून बाईनं विचारलं.

अक्कानं नावं म्हणायला सुरुवात केली. अप्पा, अप्पाचे अप्पा, त्यांचे अप्पा, कोण कुठं दत्तक गेला, कोण निपुत्रिक वारला. एका श्वासात सात पिढ्या. रांगेतली माणसं ऐकत राहिली. कारकून बाईनंही ऐकून घेतलं आणि मग हळूच म्हणाली, "अम्मा, कागद लागतो."

आधार कार्डावर लिहिलेलं, अमुक यांच्या मार्फत, म्हणजे अण्णांचं नाव. रेशनकार्डही अण्णांचं. शाळेचा दाखला नाही. ती बाई म्हणाली, "घरच्यांनी छापलेला एखादा कागद तरी, ज्यात तुम्हाला त्यांची मुलगी म्हटलंय. लग्नपत्रिका चालते. बहुतेक बायका तीच आणतात."

अक्का हसली. "माझी पत्रिका न्हाई. भावांच्या दोन हायत, मीच वाटल्या. त्यात माझं नाव अक्का असं छापलंय."

जिचं लग्न होऊ दिलं नाही तिलाच लग्नाचा कागद विचारायचा, आणि तो नाही म्हणून बापाची मुलगी नाही. वा रे न्याय! मी माझा जबाब पुढे सरकवला, की सही न वाचता केली होती, ती मी मागे घेते. त्यावर शिक्का बसला, चौकशी लागेल म्हणाले. मग कारकून बाईनं माझ्याकडे बघितलं. "तुम्ही यांच्या कोण?"

"भाची," अक्का पटकन म्हणाली.

"रक्ताच्या?"

आणि मी, एकदा खोट्या कागदावर सही करून पोळलेली, आता खरं बोलायला निघाले. म्हटलं, "नाही. शेजारी."

अक्कानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग आपलं आधार कार्ड पदराच्या टोकात बांधलं. येताना रिक्षात ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलो, ती बाहेरच बघत राहिली. आपल्या दाराशी आल्यावर फक्त म्हणाली, "खरं तेच सांगितलंस तू. सरी."

सत्य सांगायला मला तोच दिवस सापडला! आयुष्यात इतक्या फालतू गोष्टींत खोटं बोलले, ऑफिसात पाहुणे यायचेत म्हणाले, आणि जिथं एका शब्दानं तिचं मन राहिलं असतं तिथं मी हरिश्चंद्र झाले.

भावांना नोटीस गेली. त्यांनी तिला मारलं नाही, हाकललं नाही, जेवण तोडलं नाही. चांगली माणसं ना! फक्त अमावस्येनंतर ट्रंक हलवताना भावजय लिफ्टमध्ये बरोबर यायला लागली. मी चौथ्या मजल्यावर दारात उभी असायचे. पहिल्या वेळी लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली, कारण बटण मीच दाबलं होतं. दार उघडलं. अक्का ट्रंकेवर बसलेली, भावजयीचा हात तिच्या खांद्यावर. गजरा नव्हता.

"चहा टाकलाय, अक्का," मी म्हटलं.

"अक्कांना पित्त होतं चहानं," भावजय म्हणाली आणि दार मिटलं.

त्यानंतर तीन महिने मी बटण न दाबता नुसती लिफ्टचा आकडा बघत उभी राहायचे. दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. थांबायची नाही.

चौकशीची तारीख लागली होती. तिच्या नऊ दिवस आधी अक्का गेली. वरच्या मजल्यावर, धाकट्याच्या महिन्यात. तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी सकाळी संपलं. मी ऑफिसात होते. वॉचमननं फोन केला, मी निघाले, आणि बेळ्ळंदूरच्या रस्त्यावर दोन तास एका जागी. पोचले तोवर तिला नेलं होतं. फिर्यादीच गेली म्हटल्यावर चौकशी बंद झाली. वंशवृक्षाचा दाखला पुढे भावांना मिळाला. दोन रेघांचा.

आणि ती गेल्याच्या तिसऱ्याच दिवशी गेटवर फ्लेक्स लागला.

आठ फुटी. अक्काचा फोटो, कुणाच्या तरी लग्नातला, कापून मोठा केलेला. हार, दोन समया, आणि खाली कन्नडमध्ये ओळी. गाड्या येत होत्या, जात होत्या. मी ऑफिसची बॅग घेऊन समोर उभी राहिले आणि अक्षरं लावायला लागले. सगळं येत नव्हतं. पण मधल्या ओळीत पाच अक्षरं दिसली आणि ती मला आली. अप्पाचं नाव. त्याच्यापुढचा एक शब्द सोडला, त्याच्यापुढचा वाचला. मगळु.

मी वॉचमनकडून पुरी ओळ वाचून घेतली. कैलासवासी अमुक यांची थोरली मुलगी. खाली तिचं नाव, पूर्ण, हातभर मोठ्या अक्षरांत. शोकाकुल म्हणून दोन्ही भाऊ.

घरच्यांनी छापलेला एखादा कागद तरी. हाच तो! जिवंतपणी बोटभर चिठ्ठी लिहून देववली नाही, आणि मेल्यावर आठ फुटी लावला, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक बसला दिसेल असा. कारण आता ती रेघ मागायला येणार नव्हती. मला त्या गेटवर लाथ मारावीशी वाटली. मारलीही. बोट सुजलं.

तेराव्याचं जेवण झालं. मला बोलावलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरातलं स्टूल घेतलं, तिचं तेच, आणि कात्री घेतली, आणि खाली गेले. गेटाशी स्टूल लावून वर चढले आणि फ्लेक्स कापायला लागले. कापड जाड, कात्री कोथिंबिरीची. वॉचमन हो-नाही करत खाली उभा. अप्पांचं नाव, मगळु, तिचं नाव, एवढा तुकडा मला हवा होता.

अण्णा फिरून येत होते. थांबले. त्यांचा आवाज पहिल्यांदा चढलेला ऐकला.

"मॅडम, काय चाललंय हे? तुम्ही कोण तिच्या?"

मी खाली बघितलंही नाही.

"भाची," मी म्हटलं, आणि कापत राहिले.